स्वतःचे चरित्र ऐकणारा वीर



एखादे पुस्तक लोकांच्या मनात बसले की ‘मग पुढे काय झाले?’ हा प्रश्न लेखकाला चुकत नाही. वाचकांची ही हौस पुरवण्यासाठी लिहिलेले दुसरे भाग बहुधा पहिल्याच्या पुण्याईवर जगतात. तीच माणसे, त्याच खोड्या, तोच हशा! या नियमाला जे थोडे अपवाद जगाच्या वाङ्मयात आढळतात, त्यांत पहिला मान स्पेनमधील मिगेल दे सर्व्हांटिस याच्या ‘डॉन किहोते’च्या दुसऱ्या भागाला द्यावा लागेल. इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे हा वीर ‘डॉन क्विक्झोट’ म्हणून आला. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला रोखणारा वेडा सरदार, एवढी त्याची ओळख बहुतेकांना असते. परंतु ती हकीकत पहिल्या भागातली. पहिला भाग १६०५ साली निघाला, दुसरा १६१५ साली. मधल्या दहा वर्षांत काय घडले आणि त्यातून दुसरा भाग कसा घडला, हा आजचा विषय आहे.

आधी ग्रंथकाराविषयी थोडे. सर्व्हांटिस १५४७ साली अल्काला दे एनारेस या गावी जन्मला. १५७१ साली लेपांटोच्या आरमारी लढाईत तुर्कांशी लढताना त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. १५७५ साली मायदेशी परतताना चाच्यांनी त्याला पकडले आणि अल्जीयर्समध्ये पाच वर्षे तो कैदेत होता. खंडणी भरून सुटका झाली ती १५८० साली. पुढे सरकारी वसुलीच्या कामात हिशेब जुळेनात म्हणून सेव्हिलच्या तुरुंगाचीही वारी झाली. असा हा गांजलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी एक विनोदी पुस्तक छापतो आणि साऱ्या देशाला हसवतो, यातच मोठी गंमत आहे.

पहिला भाग माद्रिदला ह्वान दे ला क्वेस्ता याच्या छापखान्यात छापला गेला. सरकारने त्याची किंमत ठरवून दिली होती : साडेतीन मारावेदींना एक याप्रमाणे ८३ फर्म्यांचे साडे दोनशे नव्वद मारावेदी. पुस्तक निघताच त्याच वर्षी लिस्बनला परवानगीवाचून आवृत्त्या निघाल्या. १६०७ साली ब्रुसेल्सला ते छापले गेले. १६१२ साली टॉमस शेल्टनचे इंग्रजी भाषांतर आले, १६१४ साली सेझार उदँचे फ्रेंच. लोकप्रियता दिगंत पसरली. लेखकाचे दारिद्र्य मात्र जेथल्या तेथेच राहिले.

पुस्तक घाईने लिहिलेले असल्यामुळे त्यात चुका राहिल्या होत्या, आणि वाचक तर चोखंदळ! सांचो पान्सा हा किहोतेचा सेवक. त्याचे लाडके गाढव. पहिल्या आवृत्तीत हे गाढव चोरीला गेल्याचे कोठेच सांगितलेले नाही, पण सांचो एकाएकी त्याच्यासाठी हळहळू लागतो. आणि पुढे काही खुलासा न होता गाढव पुन्हा हजर होते. दुसऱ्या आवृत्तीत चोरीचा मजकूर घुसडला गेला, तर तो अशा ठिकाणी की, चोरी झाल्यानंतरही सांचो त्याच गाढवावर बसलेला दिसतो! सांचोच्या बायकोची तर एकाहून अधिक नावे पडली. वाचकांनी हे सारे टिपून ठेवले.

१६१३ साली आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत सर्व्हांटिसने दुसरा भाग लवकरच येत असल्याचे जाहीर केले. तोच १६१४ साली एक ‘दुसरा भाग’ बाजारात आला. त्यावर तारागोना हे गाव होते आणि लेखकाचे नाव होते अलोन्सो फेर्नांदेस दे आवेयानेदा. हे नाव खोटे. त्यामागचा माणूस कोण याविषयी विद्वानांत अद्याप एकमत झालेले नाही. या आवेयानेदाने नुसते पात्र पळवले असते तर गोष्ट वेगळी होती. असा प्रकार त्या काळी नवा नव्हता. मातेओ आलेमान या लेखकाच्या गाजलेल्या कादंबरीचा असाच बनावट उत्तरार्ध १६०२ साली निघाला होता आणि त्याला खरा उत्तरार्ध १६०४ साली काढावा लागला होता. शिवाय पहिल्या भागाच्या अखेरीस सर्व्हांटिसनेच एका इटालियन कवीची ओळ घालून, यापुढचे कदाचित दुसरा कोणी अधिक चांगले गाईल, असे सुचवून ठेवले होते. आवेयानेदाने ते आमंत्रण समजून घेतले म्हणा! परंतु प्रस्तावनेत त्याने सर्व्हांटिसला म्हातारा आणि थोटा म्हणून हिणवले. लेपांटोच्या जखमेची ही थट्टा त्या वृद्ध सैनिकाला किती झोंबली असेल याची कल्पना करावी. दुसऱ्या भागाच्या प्रस्तावनेत त्याने उत्तर दिले, पण शिवीगाळ केली नाही. म्हातारपण थोपवून धरणे माझ्या हाती नव्हते आणि हात गेला तो काही दारूच्या गुत्त्यात गेला नाही, अशा आशयाचे ते उत्तर आहे. खरे उत्तर त्याने कादंबरीतच दिले.

आता त्या दुसऱ्या भागाचा आरंभ पाहा. घरी अंथरुणाला खिळलेल्या किहोतेला सांचो बातमी आणतो की, आपल्या दोघांचे चरित्र छापले गेले आहे! सालामांकाहून शिकून आलेला सांसोन कार्रास्को नावाचा पदवीधर ते वाचून आला आहे. किहोतेला आश्चर्य वाटते : शत्रूंचे रक्त तलवारीवर वाळले नाही तोच इतिहास छापून तयार? कार्रास्को सांगतो की, बारा हजारांहून अधिक प्रती खपल्या आहेत. मग तो वाचकांच्या तक्रारीही पुढे मांडतो. मध्येच घातलेली असंबद्ध उपकथा लोकांना रुचली नाही. गाढवाचे काय झाले? डोंगरात सापडलेल्या शंभर मोहरांचे सांचोने काय केले? सांचो चोरी कशी झाली ते सांगतो, मोहरा बायकामुलांसाठी खर्च केल्याचा हिशेब देतो आणि उरलेला दोष चरित्रकारावर किंवा छापणाऱ्यावर ढकलून मोकळा होतो. लेखकाची चूक पात्राने सावरून घ्यावी, असा हा प्रकार!

आपल्याला ही कल्पना अगदीच अपरिचित नाही. लवकुशांच्या तोंडून स्वतःची कथा ऐकणारा राम आपण जाणतो. आणि आपल्या विदर्भाच्या भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त रामाला त्याचे पूर्वायुष्य चित्रांतून दाखवले आहे. परंतु तेथे रस करुण आहे. हास्यरसाच्या ग्रंथात, छापखान्याच्या युगात, पात्राला स्वतःच्या प्रसिद्धीशी समोरासमोर उभे करण्याचे धाडस सर्व्हांटिसचे.

या धाडसाचे खरे फळ पुढे दिसते. किहोतेला एक ड्यूक आणि त्याची पत्नी भेटतात. दोघांनीही पहिला भाग वाचलेला आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ते किहोतेचे ‘चाहते’ आहेत. ते त्याला वाड्यावर नेतात, आणि पुस्तकातली गंमत स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी म्हणून सगळ्या नोकरचाकरांना कामाला लावून खोटी साहसे रचतात. किहोते आणि सांचो यांचे डोळे बांधून त्यांना लाकडी घोड्यावर बसवतात, भात्यांनी वारा घालून ते आकाशातून उडत असल्याचा भास निर्माण करतात आणि शेवटी घोड्याच्या पोटातील फटाके पेटवून देतात. सांचोला एका ‘बेटा’चा सुभेदार नेमतात. तेथे वैद्य त्याच्यापुढची ताटे एकामागून एक उचलून नेतो आणि बिचारा सुभेदार उपाशी राहतो.

पण येथेच पारडे फिरते. ज्याची फजिती पाहायची तो अडाणी शेतकरी न्यायासनावर बसून चोख निवाडे करू लागतो. दहा मोहरा परत केल्या असे शपथेवर सांगणाऱ्या म्हाताऱ्याची काठी तो फोडायला लावतो आणि तीतून त्याच दहा मोहरा निघतात! थोड्याच दिवसांत अधिकाराला कंटाळून तो आपल्या गाढवाच्या गळ्यात पडतो आणि जसा आला तसा निष्कांचन निघून जातो. पुढे कथेचा मूर कथनकार सीदे आमेते स्पष्टच सुचवतो की, दोन वेड्यांची टवाळी करण्यासाठी एवढा खटाटोप करणारे हे बडे लोकही वेडेपणापासून फार दूर नव्हते. सर्व्हांटिसने वाचकापुढे धरलेला हा आरसा आहे. पहिल्या भागात आपण किहोतेच्या दातपडीला हसलो. दुसऱ्या भागात हसणाऱ्यांचीच तोंडे आपल्याला दिसतात आणि हसू ओठांवर थबकते.

एकोणसाठाव्या प्रकरणात बनावट पुस्तक प्रत्यक्ष कथेत शिरते. खाणावळीत शेजारच्या खोलीत दोघे गृहस्थ ते वाचत असल्याचे किहोतेच्या कानी येते. त्या पुस्तकात आपल्याला सारागोसाला नेले आहे हे कळताच तो सारागोसाचा बेत रद्द करून बार्सिलोनाची वाट धरतो. केवळ त्या लेखकाला खोटे पाडण्यासाठी! तेथील छापखान्यात तेच बनावट पुस्तक तपासले जाताना त्याला दिसते. पुढे आवेयानेदाच्याच पुस्तकातील डॉन आल्वारो तार्फे नावाचे पात्र त्याला भेटते, आणि आपण ओळखत होतो तो किहोते हा नव्हे असा जबाब किहोते त्याच्याकडून गावच्या अधिकाऱ्यासमोर लिहून घेतो. चोराघरचा साक्षीदारच फोडला!

अखेरीस किहोते शुद्धीवर येतो, ‘मी अलोन्सो किहानो’ असे सांगतो आणि मृत्युपत्र करून प्राण सोडतो. मृत्यूचा दाखलाही लेखनिकाकडून घेतला जातो, कारण यापुढे कोणी त्याला जिवंत करू नये. ज्या काळी ग्रंथकाराच्या हक्काला कायद्याचे पुरेसे पाठबळ नव्हते, त्या काळी लेखकाने आपले पात्र राखण्यासाठी योजलेला हा उपाय होता : त्याला सन्मानाने मरू देणे. दुसरा भाग छापून निघाल्यावर काही महिन्यांतच, २२ एप्रिल १६१६ रोजी, सर्व्हांटिसही वारला.

श्रोतेहो, पात्र कोणाचे? निर्माण करणाऱ्याचे, विकत घेऊन वाचणाऱ्याचे, की चोरून नेणाऱ्याचे? सर्व्हांटिसने या प्रश्नावर तत्त्वज्ञान सांगितले नाही. जुन्या वाचकांना त्याने हवे ते दिले : चुकांचे खुलासे, ओळखीचे विनोद, तीच जोडी. मात्र त्याबरोबर एक न मागितलेली गोष्टही दिली. ज्याला आपण दहा वर्षे हसलो तो माणूस होता, ही जाणीव त्याने शेवटच्या पानावर आपल्या पदरात टाकली. आवेयानेदाजवळ किहोतेचे नाव होते, चिलखत होते, सांचोही होता. ही करुणा तेवढी त्याला पळवता आली नाही.