एका माणसाचे ताट : एकट्याच्या जेवणाचा आणि गोठवलेल्या अन्नाचा इतिहास

१/ दहा माणसांचा स्वयंपाक कष्टाचा असतो. एका माणसाचा स्वयंपाक अवघड असतो. चूल तशीच पेटवावी लागते, फोडणीला वेळ तितकाच लागतो, भांडीही जवळजवळ तितकीच निघतात आणि अखेरीस ताट मात्र एकच भरते. रविवारी एकदाच रांधून आठवड्याचे डबे फ्रीझरमध्ये ठेवणारी आजची व्यक्ती याच जुन्या प्रश्नाला उत्तर देत असते. हे उत्तर शक्य कसे झाले, त्याचा हा इतिहास.

२/ या प्रश्नाची उत्तरे मुळात दोनच. मोठे पातेले अनेक माणसांत वाटावे, किंवा एकाच माणसाच्या अनेक दिवसांत वाटावे. मुंबईच्या गिरणगावाने पहिले उत्तर निवडले. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बहुधा कुटुंब गावी ठेवून येत. चाळीतल्या स्त्रिया आपल्या खोलीतच त्यांच्यासाठी खाणावळ चालवीत.

३/ या खाणावळवाल्या बायांच्या श्रमांची नोंद फार काळ कोणी घेतली नव्हती. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची वाट खुली करून दिली. एकट्या पुरुषाचे ताट स्वस्त होते, कारण ते रांधणाऱ्या हातांचे मोल कमी धरले जात होते.

४/ दुसरे उत्तर मात्र शतकानुशतके अशक्यच होते. पापड, सांडगे, लोणची, सुकी मासळी वर्षभर टिकत. शिजलेली आमटी दुसऱ्या दिवशी आंबे. जुनी साठवण अन्नातले पाणी काढून घेते किंवा मीठ-आंबटाने जंतूंना रोखते. तयार जेवणाचा जीव तर पाण्यातच असतो. ते पाणी न काढता जंतूंच्या हाती लागू द्यायचे नसेल, तर त्याचा बर्फच करावा लागतो.

५/ गोठवण्याची विद्या एकोणिसाव्या शतकातही होती. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला पोहोचले. तरीही गोठवलेल्या अन्नाची ख्याती वाईटच राहिली. मोठाले साठे शीतगृहात सावकाश गोठत आणि वितळल्यावर पदार्थ पचपचीत होई, चव उतरे. यामागचे कारण अमेरिकेतल्या एका माणसाला बर्फाळ किनाऱ्यावर उमगले.

६/ क्लॅरेन्स बर्ड्सआय १९१२ मध्ये लॅब्राडोरला गेला, तो कातड्यांच्या व्यापारासाठी. तेथील इन्यूट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडीत आणि पाण्याबाहेर येताच वाऱ्याने व बर्फाने ते क्षणार्धात गोठत. महिन्यांनी शिजवले तरी ते ताज्यासारखे लागत. थंडी थोडी कमी असताना गोठलेले अन्न मात्र बेचव होई.

७/ फरक वेगाचा होता. पाणी सावकाश गोठले की बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. वितळताना त्यातूनच पाणी सुटते. झपाट्याने गोठले की स्फटिक बारीक राहतात आणि पेशी शाबूत. इन्यूटांना हे अनुभवाने पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. बर्ड्सआयने त्या अनुभवाचे यंत्र केले.

८/ त्याच्या यंत्रात अन्नाची चपटी पाकिटे अतिशय थंड अशा दोन धातूच्या पत्र्यांमध्ये दाबली जात. पाकीट जितके पातळ, तितकी थंडी लवकर गाभ्यापर्यंत. १९२९ मध्ये त्याची कंपनी आणि पेटंटे दोन कोटी वीस लाख डॉलरना विकली गेली. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे गोठवलेली पाकिटे दुकानांत विक्रीला आली.

९/ परंतु पाकीट ठेवायचे कोठे? बहुतेक दुकानांत फ्रीझर नव्हते आणि घरांत तर नव्हतेच. दुकानांसाठी स्वस्त भाड्याच्या शीतपेट्या, मालासाठी शीत रेल्वेडबे अशी साखळी घडायला पुढची दीड दशके गेली. ग्रामीण अमेरिकेत कुटुंबे गावच्या शीतगृहातला खण भाड्याने घेऊन त्यात आपले मांस आणि भाज्या ठेवीत. घरचा फ्रीझर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

१०/ आतापर्यंत गोठत होते ते कच्चे अन्न. शिजवलेल्या जेवणाची अडचण निराळी होती. गव्हाच्या पिठाने घट्ट केलेला रस्सा वितळला की फुटे; पाणी वेगळे, गोळे वेगळे. कॅलिफोर्नियातील ऑल्बनी येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेत हेलन हॅन्सन या संशोधिकेने हा प्रश्न हाती घेतला.

११/ तिला उत्तर सापडले ते चिकट तांदळाच्या पिठात. साध्या पिष्टातील काही साखळ्या गोठताना एकमेकींना बिलगतात आणि पाणी बाहेर ढकलतात. या तांदळात तशा साखळ्या जवळजवळ नसतात. म्हणून त्याने घट्ट केलेला रस्सा महिनोन्महिने एकजीव राहतो. १९५१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. तिचे नाव मात्र खाद्य-इतिहासाच्या लोकप्रिय गोष्टींत क्वचितच येते.

१२/ त्याच प्रयोगशाळेने १९४८ पासून कोणते अन्न किती तापमानाला किती दिवस टिकते, याची चिकाटीने मोजणी केली. फ्रीझरवर आज दिसणारा उणे १८ अंश सेल्सिअसचा आकडा (म्हणजे शून्य अंश फॅरनहाइट) या अभ्यासाने पक्का झाला. एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी : या तापमानाला जंतू वाढत नाहीत, पण सगळे मरतही नाहीत. अन्न वितळले की ते पुन्हा जागे होतात.

१३/ एका माणसाचे पूर्ण ताट प्रथम गोठले ते विमानप्रवासासाठी. १९४५ मध्ये मॅक्सन कंपनीने मांस, भाजी आणि बटाटा अशा तीन खणांची थाळी आणली. १९५३ मध्ये स्वान्सन कंपनीने तीच कल्पना घरोघरी नेली : ॲल्युमिनियमचे ताट, ९८ सेंट किंमत आणि ‘टीव्ही डिनर’ हे नाव. १९५४ या एका वर्षात अशी एक कोटीहून अधिक ताटे खपली.

१४/ या ताटाचे शास्त्र वाटते तितके सोपे नव्हते. टर्की, वाटाणे आणि बटाटा हे तिन्ही पदार्थ एकाच भट्टीत, एकाच वेळी गरम व्हायला हवेत. एक करपून दुसरा गार राहता कामा नये. स्वान्सनमधील जीवाणुशास्त्रज्ञ बेटी क्रोनिन हिने हे कोडे सोडवले.

१५/ अशा रीतीने एकट्या माणसाला ताट मिळाले. पातेले मात्र कारखान्याकडे गेले. मीठ किती, चरबी किती, हे आता कंपनी ठरवू लागली. १९८५ मध्ये कॉनअ‍ॅग्रा या बड्या अन्नकंपनीचे प्रमुख माइक हार्पर यांना हृदयविकाराचा झटका आला. पथ्य सुरू झाले आणि पत्नीने घरी केलेला, कमी चरबीचा टर्कीचा तिखट रस्सा त्यांना मनापासून आवडला.

१६/ त्यातून कंपनीच्या ‘हेल्दी चॉइस’ या कमी मीठ-चरबीच्या गोठवलेल्या जेवणांची कल्पना निघाली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आली. गोठवलेल्या ताटाला आरोग्याची वाट पुन्हा घरच्याच स्वयंपाकाने दाखवली, हा या इतिहासातील बोलका योगायोग.

१७/ भारतात ही कथा उशिरा सुरू झाली. गोदरेजने देशी बनावटीचा फ्रिज आणला तो १९५८ मध्ये, आणि पुढे कित्येक वर्षे फ्रिज ही मोजक्या घरांची चैन राहिली. त्यातला बर्फाचा खणही लहान. ‘शिळे’ या शब्दामागे उष्ण हवेतला खरा अनुभव होता. फ्रीझर नसलेल्या स्वयंपाकघरात ती सावधगिरी शहाणपणाचीच होती.

१८/ रविवारी राजमा किंवा डाळ शिजवून ती लवकर निववणारी, चपट्या डब्यांत एकेका जेवणापुरती भरणारी, वर तारीख लिहिणारी आणि खाताना वाफ येईपर्यंत तापवणारी व्यक्ती हा सारा इतिहास नकळत पाळत असते. चपटा डबा बर्ड्सआयचा, त्याआधी इन्यूटांचा वेग, तापमान ऑल्बनीचे, एका माणसाचे माप विमानातल्या थाळीचे.

१९/ फरक एकच, पण मोलाचा. खाणावळीत पातेले दुसऱ्याच्या हाती होते, टीव्ही डिनरमध्ये कारखान्याच्या. घरच्या फ्रीझरमुळे ते खाणाऱ्याच्या हाती परत आले आणि मिठाचा चमचाही त्याच्याच हाती आला. त्याबरोबर रांधण्याचे कष्टही आले. गिरणगावात जे कष्ट खाणावळवाल्या बाईच्या वाट्याला होते, ते आता खाणाऱ्याच्या रविवारात जमा होतात.