बाळाला उताणे का झोपवायचे? एका साध्या सल्ल्याचा इतिहास

मंडळातल्या एखाद्या घरी बाळ जन्मले की दोन गोष्टी ठरलेल्या. भारतातून आजी येतात, आणि आजींच्या बॅगेतून बाळंतविडा निघतो: दुपटी, झबली, टोपडी, जुन्या साड्यांची मऊ गोधडी आणि डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी. मग हेल्थ व्हिजिटर येतात आणि कॉटमधले निम्मे सामान बाहेर काढायला सांगतात. त्या बाई गेल्यावर आजी विचारतात, "आम्ही काय मुले वाढवली नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. "डॉक्टर सांगतात म्हणून" हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, कारण डॉक्टरही एके काळी बरोबर उलटे सांगत होते.

डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनाचे पुस्तक 1946 मध्ये निघाले आणि घराघरांत पोहोचले. 1950 च्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यात बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला आला. उताण्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरेल, असा तर्क होता. पटण्यासारखा होता, पण कोणी पडताळला नव्हता. खरे तर उताणे असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूस असते, त्यामुळे वर आलेले दूध तिच्यात सहज शिरत नाही. तरीही पाश्चात्त्य देशांत लाखो बाळे पालथी झोपू लागली, आणि काल हसतेखेळते असलेले बाळ सकाळी कॉटमध्ये निष्प्राण सापडण्याचे प्रकार वाढले. त्याला 'कॉट डेथ' असे नाव पडले. कारण मात्र सापडेना. कित्येक आया स्वतःलाच दोष देत राहिल्या.

कोडे सुटले ते मोजणीने. नेदरलँड्समध्ये 1987 मध्ये पालथे झोपवण्याविरुद्ध इशारा दिला गेला. न्यूझीलंडमध्ये 1987 ते 1990 अशी तीन वर्षे मोठी पाहणी झाली. ब्रिस्टलच्या पीटर फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये दाखवले की पालथे झोपवणे आणि जड पांघरुणांनी बाळ तापणे, या दोन्हींमुळे धोका वाढतो. जुलै 1991 मध्ये दूरदर्शन-निवेदिका ॲन डायमंड यांचे तान्हे बाळ असेच गेले. दुःख गिळून त्यांनी आवाज उठवला आणि डिसेंबर 1991 मध्ये ब्रिटनमध्ये 'बॅक टू स्लीप' मोहीम सुरू झाली. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. फक्त बाळाची कूस बदलली. काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

यातला सल बोचणारा आहे. 2005 मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासले. 1970 पर्यंतचाच पुरावा कोणी नीट मांडला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये 10,000 हून अधिक बाळे वाचू शकली असती, असा त्यांचा हिशेब निघाला.

आता आम्हा रसायनवाल्यांच्या प्रांतातली एक गोष्ट. 1989 मध्ये बॅरी रिचर्डसन यांनी असा दावा केला की गादीतल्या फॉस्फरस, आर्सेनिक आणि अँटिमनीच्या संयुगांवर बुरशी वाढते, विषारी वायू सुटतात आणि बाळे दगावतात. कल्पना अगदीच हवेतली नव्हती. हिरव्या आर्सेनिकयुक्त रंगाच्या भिंतीच्या कागदावर बुरशी चढली की विषारी वायू सुटतो, हे इटलीच्या गोसिओंनी 1890 च्या दशकातच दाखवले होते. नोव्हेंबर 1994 मध्ये हा दावा दूरदर्शनवर गाजला आणि आईबापांत घबराट पसरली. तपासाला लेडी लिमरिक यांची समिती बसली. 1998 च्या अहवालात या दाव्याला पुरावा मिळाला नाही. शिवाय बाळे उताणी झोपू लागली तेव्हाच मृत्यू घटले होते. त्यासाठी गाद्यांचे रसायन बदलावे लागले नव्हते. शक्य असणे आणि घडणे यांत फरक असतो, हा धडा आम्हीही त्यातून घेतला.

मग आजींचे काय? त्यांचेही पुष्कळ बरोबर होते. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई घरांत कॉट डेथचे प्रमाण गोऱ्या घरांपेक्षा कमी असल्याचे 1980 च्या दशकातच दिसले होते. आई सिगारेट ओढत नाही आणि बाळ वेगळ्या खोलीत एकटे झोपत नाही, ही त्यामागची संभाव्य कारणे मानली जातात. पण 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रॅडफर्डच्या पाहणीत पाकिस्तानी घरांतल्या बाळांजवळ उशा आणि जाड दुलया अधिक आढळल्या. आपल्या घरांचे चित्र फार वेगळे नसावे.

तेव्हा आजींची सोबत ठेवावी, उशी काढावी. बाळ नेहमी उताणे, गादी सपाट व घट्ट, कॉट मोकळी. पहिले सहा महिने तरी बाळ आपल्याच खोलीत. खोली 16 ते 20 अंश सेल्सिअस पुरे. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी काढू नये. बाळ आपणहून कुशीवर-पालथे वळू लागले की झोपवताना उताणे ठेवावे, मग त्याचे ते वळले तरी चालेल.

आणि ती गोधडी? बाळ जागे असताना जमिनीवर अंथरा, त्यावर त्याला पालथे खेळू द्या, आणि शेजारी आजींना बसवा. दोघांचाही वेळ छान जाईल.