मटणाचं वेष्टन लाकडापासून बनायचं, तेव्हाची गोष्ट

सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये पारदर्शक वेष्टनातलं मांस तुम्ही पाहिलं असेल. आज ते वेष्टन प्लास्टिकचं असतं. पण सुरुवात झाली ती लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या सेलोफेनने.

जॅक ब्रँडेनबर्गर हे स्विस रसायनतज्ज्ञ फ्रान्समध्ये काम करायचे. त्यांना डाग न पडणारा टेबलक्लॉथ हवा होता. त्यांनी कापडावर व्हिस्कोस, म्हणजे विरघळवलेलं सेल्युलोज, चढवलं. कापड ताठ झालं, बेत फसला. पण वरचा थर अलगद सुटून आला, काचेसारखा आरपार! १९०८ च्या सुमारास त्यातून सेलोफेन तयार झालं.

अडचण एकच. त्यातून वाफ निसटायची आणि आतला पदार्थ सुकायचा. १९२७ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या विल्यम हेल चार्च यांनी त्यावर अगदी पातळ लेप दिला आणि ओलावा आत राहू लागला.

मांसाचा प्रश्न मात्र वेगळा होता. ताजं मांस लालभडक दिसायला ऑक्सिजन लागतो आणि गिऱ्हाईक तर रंग बघूनच घेतं. मग लेप एकाच बाजूला दिला आणि कोरी बाजू मांसाकडे ठेवली. मांसाच्या पाण्याने ती भिजायची आणि ओल्या सेलोफेनमधून ऑक्सिजन आत जायचा. मांस टिकवायचं काम थंडीचं. वेष्टन ओलावा राखायचं, बाहेरची घाण अडवायचं. १९४० च्या दशकात अमेरिकेत लोक खाटकाला न विचारता स्वतःच पाकीट उचलू लागले, ते यामुळेच.

मग सेलोफेन मागे का पडलं? स्वस्त, ताणलं जाणारं प्लास्टिक आलं. ते मातीत कुजत नाही, याची फिकीर तेव्हा कोणाला होती?

पण सेलोफेनही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. व्हिस्कोस बनवताना कार्बन डायसल्फाइड लागतं. त्याच्या वाफेने व्हिस्कोस कारखान्यांतल्या कामगारांच्या नसा आणि मेंदू बिघडले, काहींना वेडाचे झटके आले.

आज कोळंबीच्या सालींतून मिळणाऱ्या कायटोसानच्या फिल्मवर संशोधन चालू आहे. चांगलंच आहे. फक्त पुढच्या वेळी पाकिटावर 'बायोडिग्रेडेबल' वाचलंत, तर दोन प्रश्न विचारा. हे ओल्या मांसावर टिकतं का? आणि ते बनवताना कामगाराच्या छातीत काय जातं?