खाचेत बसलेलं व्याकरण

“मामा, हा इथं बसतच नाही!”

कुरवंड्यात आमच्या ओसरीवर चौथीतली भाची लॅपटॉपवर स्क्रॅच ही ठोकळ्यांची संगणकभाषा उघडून बसली होती. पडद्यावरचं मांजर कडेला टेकलं की मागं वळलं पाहिजे, एवढंच तिला करायचं होतं. ‘जर’च्या ठोकळ्यात षटकोनी खाच होती आणि ती तिथं गोल टोकांचा, आकड्याचा ठोकळा कोंबत होती. शेवटी तो सोडून तिनं ‘कडेला टेकलं का?’ विचारणारा षटकोनी ठोकळा आणला. तो अलगद जाऊन बसला. ‘जर’ला आकडा चालत नाही, हो-नाहीचं उत्तर लागतं, हे तिला मी सांगितलं नव्हतं. खाचेनं सांगितलं.

या खाचेचं मूळ शोधत गेलं की आधी कासव भेटतं. १९६७ साली अमेरिकेत सेमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉलेस फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा घडवली. पुढं तिच्यात कासव आलं. शंभर पावलं पुढं, नव्वद अंश उजवीकडं, असं चारदा सांगितलं की चौकोन तयार. अडलं तर स्वतःच कासव होऊन चालून बघायचं, ही पॅपर्ट यांची शिकवण. मला ती फार मोलाची वाटते. पण हुकूम टाइप करावे लागत. ‘फॉरवर्ड’मधला एक ‘आर’ गळला, की हे कसं करायचं ते मला माहीत नाही, असं कासवाचं उत्तर. चौकोन कळलेल्या मुलाला स्पेलिंगनं दारात अडवायचं! इंग्रजी उशिरा भेटलेल्या आपल्या किती पोरांना हा उंबरठा नडला असेल.

तो उंबरठा काढायची एक मोठी खटपट १९९६ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये झाली. तिथं शिकणाऱ्या अँड्र्यू बेगेल यांनी लोगोब्लॉक्स केलं. पोटात छोटा संगणक असलेल्या खेळण्यातल्या विटेला हुकूम द्यायचे, तेही पडद्यावर ठोकळे जोडून. व्याकरण पाठ करायला नको, ते आकारातच कोरलेलं. सुताराच्या जोडासारखं, जे जुळत नाही ते शिरतच नाही. त्याच लॅबमधल्या मिचेल रेझनिक यांच्या गटानं मे २००७ मध्ये स्क्रॅच जगापुढं ठेवलं. डीजे तबकडी पुढंमागं घासून नवं संगीत करतात, त्यावरून हे नाव. मुलांनीही असंच हाताला येईल ते जोडून-मोडून बघावं, हा हेतू. भाषा बदलली तरी ठोकळे तेच राहतात, त्यांच्यावरची अक्षरं तेवढी बदलतात.

आपल्याकडं हे वारं लगेच पोचलं. सह्याद्रीच्या पायथ्याला, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत २००७ मध्येच ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांच्यासाठी केलेल्या टर्टल आर्टमध्ये कासव जुनंच होतं, हुकूम मात्र ठोकळ्यांचे.

भाचीचं मांजर कडेला टेकलं, वळलं आणि पाय वर करून उलटं चालू लागलं. सगळे ठोकळे नीट बसले होते. ती उठली, ओसरीच्या भिंतीपर्यंत चालत गेली, गर्रकन वळली आणि म्हणाली, “मी तर उलटी नाही झाले!” मग परत येऊन ‘वळा’चा ठोकळा बाहेर ओढला.