डोंगरीच्या तुरुंगातून घराकडे

टिळक व आगरकर यांनी 1882 साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले, हे आपली मुले पाठ म्हणून दाखवितात. परंतु मुंबईच्या उमरखाडीतील त्याच तुरुंगाच्या जागी पुढे मुलांचे निरीक्षणगृह झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. वास्तविक हा इतिहासही तितकाच शिकविण्याजोगा आहे.

चुकलेल्या मुलास कोठडीऐवजी हुन्नर द्यावा, ही कल्पना आपल्याकडे 1850 च्या उमेदवारी कायद्याने आणली. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलास मॅजिस्ट्रेट एखाद्या कारागिराच्या हाताखाली देऊ शकत असे. 1857 साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. मुंबई इलाख्याचा बाल अधिनियम 1924 चा, आणि मुंबईची चिल्ड्रेन्स एड सोसायटी 1927 ची. तरीही पुढे कित्येक वर्षे देशात ठिकठिकाणी मुले मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात राहिलीच. शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि 1986 साली सबंध देशासाठी बालन्याय कायदा झाला.

सध्याचा कायदा 2015 चा. पालकबंधूंनी तो नीट समजून घ्यावा, कारण मुलगा पकडला गेला की भीतीने पहिली गोष्ट होते ती म्हणजे त्याची शाळा सुटते. समजा, चौदा वर्षांच्या मुलाने कोणाची सायकल नेली. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार अशा बाबतीत एफ.आय.आर. नोंदवावयाचा नसतो, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून, मुलाच्या घरची परिस्थिती लिहून, प्रकरण बालन्याय मंडळाकडे जाते. मंडळात एक मॅजिस्ट्रेट व दोन समाजसेवक असतात. ते मुलास समज देऊन सोडतात, समाजसेवेचे काम लावतात, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या अथवा एखाद्या लायक व्यक्तीच्या स्वाधीन करतात. शाळेत जात राहा, असाही हुकूम देता येतो. आमच्या मते हा हुकूम सर्वांत मोलाचा!

एक उणीव मात्र राहते. ज्याची सायकल गेली, तो गृहस्थ या सगळ्यात कोठेच नाही. 1974 साली कॅनडातील एलमायरा गावी दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशाने त्यांना त्या लोकांच्या दारोदार पाठविले. त्यांनी नुकसान ऐकून घेतले आणि पुढे भरूनही दिले. न्यूझीलंडने तर 1989 च्या कायद्यानेच मुलगा, त्याचे कुटुंब व ज्याचे नुकसान झाले तो, यांची बैठक घालून दिली. ही पद्धत मुळात तेथील माओरी लोकांच्या रीतीवरून घेतलेली.

आपल्या मंडळाच्या आदेशांत अशी बैठक सांगितलेली नाही. पण मंडळ ज्या लायक व्यक्तीच्या स्वाधीन मुलास करते, ती व्यक्ती मुलाला घेऊन सायकलवाल्याच्या घरी गेली, तर तिला अडविणार कोण? त्याकरिता मुलाच्या ओळखीचा कोणी वडीलधारा माणूस पहिल्या तारखेस मंडळापुढे उभा असला पाहिजे.