हाकेच्या अंतराचा इतिहास

कामाच्या ठिकाणाजवळ राहावे की गजबजलेल्या शहरात राहून रोज ये-जा करावी, हा प्रश्न मध्यमवर्गीय माणसाला सोयीचा प्रश्न वाटतो. भाडे किती, प्रवास किती, मुलांची शाळा कुठे, एवढा हिशेब मांडला की त्याचे उत्तर हाती येते. शासनही असाच हिशेब करते. शिक्षकाने, ग्रामसेवकाने, तलाठ्याने मुख्यालयी राहावे अशी परिपत्रके निघतात आणि 'अप-डाऊन' करणाऱ्यांना कामचुकार ठरवून वर्तमानपत्रे मोकळी होतात. कामचुकार काही असतीलही. पण पूर्वास्पृश्य समाजातून आलेल्या नोकरदाराच्या बाबतीत हा प्रश्न भूगोलाचा नाही, इतिहासाचा आहे. आणि तो इतिहास हिशेबाच्या वहीत मावत नाही.

मुळात कामाच्या सर्वांत जवळ कोण राहत होते? गावगाड्यात महाराचे घर गावकुसाबाहेर होते हे खरे, पण ते कामापासून दूर नव्हते. चावडीवरून हाक मारली की ती ऐकू गेली पाहिजे, एवढेच ते अंतर होते. येसकराची पाळी, तराळकी, पाटलाचा निरोप, साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई, मेलेले जनावर ओढणे. या कामाला ना वेळ, ना सुट्टी. कामावर जाणे आणि कामावरून परत येणे या दोन क्रियाच त्या जगण्यात नव्हत्या. हाक हीच हजेरी होती आणि ती अपरात्रीही लागत असे. घरचा कर्ता पुरुष नसेल तर बाप, भाऊ, बायको, जो सापडेल त्याने जायचे. १८७४ च्या वतन कायद्याने या हाकेला सरकारी शिक्का दिला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल मांडले. कामाला मर्यादा नाही आणि मोबदल्याला हमी नाही, हे त्या मांडणीच्या मुळाशी होते. वतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

तेव्हा आपल्या माणसाने गाव सोडून मुंबई गाठली ती केवळ पोटासाठी गाठली, असे जे लिहिले जाते ते अर्धेच खरे आहे. घर आणि काम यांच्यामध्ये थोडे तरी अंतर पडावे, यासाठीही त्याने ती गाठली. शहरात काम संपते. भोंगा होतो, गेट उघडते आणि बाहेर पडलेल्या माणसाला उद्याच्या पाळीपर्यंत कोणी हाक मारू शकत नाही. १९४२ च्या नागपूर परिषदेत हिंदूंच्या गावांपासून अलग, स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, तीही याच हाकेच्या टप्प्याबाहेर पडण्याची मागणी होती असे मी मानतो.

पण याची दुसरी बाजू बडोद्याला दिसली. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. अकौंटंट जनरलच्या कचेरीत नेमणूक झाली. राहायचे कुठे? हिंदूंची खानावळ मिळणे शक्य नव्हते. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लिहून जागा मिळवावी लागली. वरच्या मजल्यावर दुसरा कोणी उतारू नाही, शेजारच्या दिवाणखान्यात मोडके सामान, अंधार. अशा ठिकाणी हा विद्वान कंदिलाच्या उजेडात वाचत बसे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत चालते होण्याचा हुकूम देऊन गेले. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी कामाठी बागेत काही तास काढून त्यांनी मुंबईची रात्रीची गाडी धरली. पदवी होती, नेमणूक होती, पगार होता. कचेरीच्या गावात पाठ टेकायला जागा नव्हती, म्हणून नोकरी सुटली. 'मुख्यालयी राहा' असा आदेश काढणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा प्रसंग एकदा वाचावा.

आता मुंबईकडे वळू. १८५६ साली ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, शिवडी हा सारा भाग गिरण्यांनी भरून गेला. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे बी.डी.डी.च्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि तिच्यात एक कुटुंब, शिवाय गावाकडून आलेला भाऊ, मेहुणा, भाचा. कामगार गिरणीला लागून का राहत होता, याचे कारण ट्रस्टच्या दयाबुद्धीत शोधू नये. बदली कामगाराला रोज पहाटे गेटवर उभे राहावे लागे. जॉबरच्या मर्जीत आला तर त्या दिवसाचे काम. दूर राहणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. बहुसंख्य गिरणी कामगार गिरणीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत.

या शहराला उगाच स्वर्ग ठरवायला नको. विणकाम खात्यात, म्हणजे साच्यावर, अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने ओढलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावायला तयार नसे. साच्यावर पगार जास्त, म्हणून विटाळही तिथेच जास्त! १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्गाची भाषा बोलणाऱ्यांना तो ऐकणे जड गेले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.

तरीही चळवळ इथेच का उभी राहिली? मुंबईत आधुनिक विचार होता, छापखाने होते, बाबासाहेब होते, ही उत्तरे बरोबर आहेत. त्यात एका साध्या गोष्टीची भर घालावीशी वाटते. १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाचे काम अकरा तासांवर आणले. अकरा तास उभा राहिलेला माणूस रात्री सभेला कसा जात असे? तर सभा त्याच्या घराच्या वाटेवर होती. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बैठक झाली आणि त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालय तिथेच. खुद्द बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात पोयबावडीच्या ट्रस्टच्या चाळीत राहिले. हायकोर्ट फोर्टात, पण घर आणि कचेरी कामगारांच्या वस्तीत. त्यामुळे पाळीवरून सुटलेला माणूस हातपाय धुऊन, भाकरी खाऊन चालत दामोदर हॉलला पोचू शकत होता. जलसा चाळीच्या पटांगणात होत होता. रात्रीची शाळा जिन्याखाली भरत होती. (बाईची संध्याकाळ मात्र चुलीपुढेच जात होती. तिची गिरणी सुटली तरी घरची पाळी सुटत नव्हती, हेही लिहून ठेवले पाहिजे.) ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात स्वतंत्र मजूर पक्षाला एवढी माणसे रस्त्यावर आणता आली, त्यामागेही पायी चालण्याइतक्या टापूत वसलेली ही वस्ती होती.

म्हणजे शहराचे चैतन्य एका बाजूला आणि कामाची जवळीक दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी परळात नव्हती. कामगाराला रस्त्यात वेळ घालवावा लागत नव्हता म्हणून ते चैतन्य होते. चळवळीला पैसा लागतो, विचार लागतो, तसे संध्याकाळचे दोन तास लागतात. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले, यामागेही वेळेचीच जाण होती. दहा वाजता टेबलाशी हजर होणाऱ्या कारकुनाला शिकायचे असेल तर महाविद्यालयाने पहाटे उठले पाहिजे.

कामाजवळ घर मिळाले म्हणजे मुक्ती मिळाली, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सफाई कामगाराची वसाहत पाहा. महापालिकेने त्याला कामाजवळ खोली दिली, पण ती नोकरीला बांधलेली. निवृत्त झाला की खोली खाली करायची. मग खोली वाचवायची कशी? मुलाने झाडू हाती घ्यायचा. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरीचा हक्क दिला. तो हक्क कुटुंबाला उपाशी मरू देत नाही हे खरेच. पण बारावी झालेल्या पोराला तो कुठे नेऊन ठेवतो? हे वतनच आहे. फक्त चावडीच्या जागी वॉर्ड ऑफिस आले.

हा प्रश्न माझ्याही दारात आहे, म्हणून दोन शब्द स्वतःविषयी. माझ्या आजोबांनी येसकरकी केली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मी राहतो छत्रपती संभाजीनगरात, नागसेनवनापासून फार दूर नाही, आणि शिकवायला जातो सत्तर किलोमीटरवरच्या एका तालुक्याच्या गावी. पहिल्या वर्षी तिथेच खोली पाहत होतो. घरमालक आधी विषय विचारत, मग गाव, मग आडनाव. आडनाव कळले की खोली कोणा भाच्यासाठी राखून ठेवलेली निघायची. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या आणि कितीतरी कुटुंबे शहराकडे आली. त्या कुटुंबांच्या नातवाला 'तू मुख्यालयी का राहत नाहीस' असे विचारणे सोपे आहे. मी शहर निवडले. इथे ग्रंथालय आहे, व्याख्याने आहेत, माझ्या मुलीला तिचे आडनाव शाळेत हळू आवाजात सांगावे लागत नाही. पण एस.टी.त रोज चार तास जातात. ज्या सभांसाठी शहरात राहिलो त्या सभा मी घरी पोचतो तेव्हा आभाराच्या भाषणापर्यंत आलेल्या असतात. माझा एक सहकारी त्याच तालुक्याच्या बौद्धवाड्यात राहतो. विहारात त्याने अभ्यासिका चालवली आहे, रात्री नऊपर्यंत पोरे वाचत बसतात. गावातले टोमणे तो रोज ऐकतो. मला त्याचा हेवा वाटतो आणि तरीही मी तिथे राहायला जाणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात.

निवड करण्याची एवढी तरी मुभा मला आहे. गिरणगावाला ती उरली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मालक, महापालिका, म्हाडा. २००१ च्या दुरुस्तीने त्यातली फक्त मोकळी जागाच वाटपासाठी धरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, ६,९२५ घरांची. पुढे पनवेलजवळ कोन आले. अलीकडे शेलू आणि वांगणी पुढे करण्यात आले, तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला. ही गावे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ८० किलोमीटरच्या आसपास आहेत. तिथे राहणाऱ्या मुलाचे काम मुंबईतच असणार. म्हणजे त्याला शहरही नाही आणि जवळीकही नाही. गाडीतली उभे राहण्याची जागा तेवढी आहे. त्यामानाने वरळीच्या बी.डी.डी. चाळींत जागेवरच पुनर्विकास होऊन ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ही गोष्ट लहान नाही.

गिरणगावातल्या वृद्धांच्या मुलाखती घेणारे अभ्यासक त्यांना पगार विचारतात, संप विचारतात, पुढाऱ्यांची नावे विचारतात. संध्याकाळी किती वाजता घरी पोचत होता आणि जेवण झाल्यावर कुठे जात होता, हेही विचारले पाहिजे. संपाच्या वेळी पस्तिशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.