निचऱ्याचा खर्च : मध्य मुंबईतील पाणी आणि अनुकूलन निधी

हवामान बदलाचे परिणाम सोसण्यासाठी गटारे, बांध, पाणीसाठे यांसारख्या ज्या तरतुदी केल्या जातात त्यांना 'अनुकूलन' म्हणतात, तर हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटविण्याच्या प्रयत्नांना 'शमन' ही संज्ञा आहे. गरीब देशांच्या अनुकूलनाचा खर्च उचलण्यास श्रीमंत देशांनी साहाय्य करावे, हे तत्त्व 1992 च्या संयुक्त राष्ट्र हवामान करारातच मान्य झाले. मात्र असा खर्च प्रत्यक्षात कोण करतो आणि केव्हा करतो, हे पाहण्यासाठी परळ, लालबाग आणि दादर या भागांतील पावसाळी निचऱ्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या कारकिर्दीत, महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खाडीचे मुख हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बंद करण्यात आले. त्यामुळे भायखळा, कामाठीपुरा या बाजूंची भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन वस्तीसाठी मोकळी झाली, पण तिची उंची भरतीच्या पातळीपेक्षा कमीच राहिली. पुढे कापडगिरण्यांचे गिरणगाव वसल्यावर मध्य मुंबईच्या सखल भागांत दाट वस्ती झाली आणि पाण्याचा निचरा हा शहराचा कायमचा प्रश्न बनला. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट'ने रस्ते आणि नव्या वसाहती उभारल्या, त्याही सरकारी व नगरपालिकेच्या जमिनी, कर्जरोखे आणि नगरपालिकेचे वार्षिक अंशदान यांच्या बळावर. आधी संकट, मग निधी, आणि निधीचा मोठा भार शहरावरच, हा क्रम त्या काळीच रुळला.

ब्रिटिश काळात बांधलेली पावसाळी गटारे ताशी सुमारे 25 मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून नेऊ शकत होती. गटारांची समुद्राकडील बहुतेक तोंडे भरतीच्या पातळीखाली असल्याने मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी बाहेर पडत नाही. म्हणून तोंडांवर दरवाजे आणि पाणी उपसणारी केंद्रे लागतात. परळ-दादरमधील बशीसारख्या सखल हिंदमाता परिसरात याचा फटका सर्वांत आधी बसतो : कापडाचे दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवतात, तळमजल्यावरची कुटुंबे सामान उंचावर ठेवतात आणि एसटी-बेस्टची वाहतूक अन्य मार्गांनी वळवावी लागते.

1985 च्या पुरानंतर महानगरपालिकेने निचऱ्याचा सर्वंकष अभ्यास करविला. 'ब्रिमस्टोवॅड' नावाने ओळखला जाणारा तो अहवाल 1993 मध्ये तयार झाला. गटारांची क्षमता ताशी 50 मिलिमीटरपर्यंत नेण्याचा हा आराखडा तेव्हा सुमारे 616 कोटी रुपयांचा होता, परंतु निधीअभावी त्यातील बरेचसे काम रखडले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शेकडो माणसे दगावली, तेव्हा कुठे या कामाला गती आली. तोवर अंदाजित खर्च 1,200 कोटींवर गेला होता आणि केंद्र सरकारने 2007 मध्ये त्यास साहाय्य मंजूर केले. त्यानंतर हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया अशी उपसा केंद्रे उभी राहिली, तर अलीकडे परळचे सेंट झेवियर्स मैदान आणि दादरचे प्रमोद महाजन उद्यान यांच्याखाली पावसाचे पाणी साठविणाऱ्या टाक्या बांधण्यात आल्या. मार्च 2022 मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला, तर 2024-25 च्या हवामान अर्थसंकल्पात महानगरपालिकेने आपल्या भांडवली खर्चापैकी सुमारे 10,224 कोटी रुपये, म्हणजे जवळपास एक तृतीयांश, हवामानाशी निगडित म्हणून नोंदविले.

या आकड्यांशेजारी जागतिक आश्वासने ठेवून पाहिली पाहिजेत. 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत विकसित देशांनी विकसनशील देशांसाठी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभारण्याचे वचन दिले. ते 2022 मध्ये प्रथमच पूर्ण झाले, त्यातील अनुकूलनाचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता आणि सार्वजनिक निधीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम कर्जरूपाने आली. 2024 मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत 2035 पर्यंतचे उद्दिष्ट वर्षाला 300 अब्ज डॉलर ठरले. स्वतःचे उत्पन्न असलेल्या मुंबईसारख्या श्रीमंत महानगरपालिकेलाही एका आराखड्याच्या कामाला गती देण्यास बारा वर्षे आणि एक महापूर लागला, तर ज्या देशांपाशी असा महसूलच नाही त्यांना कर्ज काढून भिंती बांधायला सांगणे न्याय्य ठरत नाही. हवामान बिघडविण्यात ज्यांचा वाटा अत्यल्प आहे, त्यांना हा निधी अनुदान म्हणून आणि आपत्तीपूर्वी मिळाला पाहिजे, कारण विलंबाची किंमत, 616 कोटींचे 1,200 कोटी होतात तशी, दरवर्षी वाढतच जाते आणि ती शेवटी तळमजल्यावर राहणाऱ्यांनाच भरावी लागते.